वेताची खुर्ची

वेताची खुर्ची विणायला बसलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला तो वडिलांच्या कचेरीच्या व्हरांड्यात. कोल्हापूर, सत्तरच्या दशकाची अखेर, मे महिन्याची सुट्टी. समोर पाण्याची बादली, बादलीत भिजत घातलेल्या वेताच्या पट्ट्या, शेजारी बैठक फाटलेल्या खुर्च्यांची उतरंड. चौकटीला चारी बाजूंनी भोकं असतात. त्यातून आधी उभ्या पट्ट्या ओवायच्या, मग आडव्या, मग पुन्हा उभ्या, पुन्हा आडव्या, शेवटी दोन्ही अंगांनी तिरक्या. पट्टी ताणून धरायची आणि भोकात लाकडाची खुंटी ठोकायची, म्हणजे ती मागं सरकत नाही. हे सगळं जमलं की बैठकीवर ती ओळखीची आठकोनी जाळी उमटते. माणूस अंध आहे हे मला बऱ्याच वेळानं कळलं. हात इतके झरझर चालले होते की डोळ्यांकडं लक्षच गेलं नव्हतं.

"पोरा, भोकं मोज बघू. माझी बावीस झाली," तो म्हणाला. मी मोजली. बावीसच होती. मग एका जुन्या खुर्चीच्या ढिल्या झालेल्या जाळीवरून बोटं फिरवत म्हणाला, "ह्येच्यावर बसणारा गडी डाव्या अंगावर कलून बसतोय." ती खुर्ची हेडक्लार्क भाऊसाहेबांची होती आणि ते खरोखर तसेच बसायचे. कचेरी दिवसभर त्यावर हसत होती. दुपारी डबे सुटले तेव्हा सगळे आत जेवायला बसले आणि तो व्हरांड्यात, बादलीपाशी. त्या कचेरीत त्याच्या हाताखालून गेलेल्या वीस-पंचवीस खुर्च्या तरी असतील. त्यांतल्या एकीवरही तो बसलेला मी पाहिला नाही.

व्हरांड्यापासून आतल्या टेबलापर्यंतचं अंतर पंधरा-वीस पावलांचं होतं. ते तोडायला शंभरावर वर्षं लागली आणि अजून दोन-चार पावलं उरलीच आहेत.

नोकरीत जागा राखून ठेवणं म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला वेगळं सांगावं लागत नाही. २६ जुलै १९०२ च्या करवीर गॅझेटमधला हुकूम इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी शाहू महाराज तेव्हा विलायतेत होते, आणि इकडे दरबारच्या नोकऱ्यांतल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागास वर्गांसाठी राखल्याचं जाहीर झालं. त्या हुकमातला एक बारकावा मात्र भाषणांतून सहसा येत नाही. खातेप्रमुखांनी केलेल्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी पाठवायचा, असंही त्यात बजावलं होतं. महाराजांना आपली कचेरी पुरती ठाऊक होती. हुकूम कपाटात जातो आणि कारभार होता तसाच चालतो, हे त्यांनी पाहिलं असणार. शिवाय हुकमाच्या आदल्याच वर्षी, १९०१ मध्ये, व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालेलं होतं आणि पुढं एकेक समाजाची वसतिगृहं उभी राहत गेली. जागा राखायची, त्या जागेवर बसण्याजोगा माणूस तयार करायचा आणि तो खरंच बसला का हे तिमाहीला विचारायचं, अशी ती तीन पेडांची दोरी होती.

योगायोग असा की त्याच १९०२ साली मुंबईत ताडदेवला अंध मुलांसाठी व्हिक्टोरिया मेमोरियल स्कूल सुरू झालं. त्याच्या दोन वर्षं आधी, छप्पनच्या (संवत १९५६ च्या) दुष्काळाच्या दिवसांत, अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी मुंबईतच एक अंधशाळा काढली होती. तीच आज दादरची कमला मेहता शाळा म्हणून ओळखली जाते. देशातली पहिली अंधशाळा त्याहून थोडी जुनी, १८८७ ची, अमृतसरची. या सगळ्या शाळांत अक्षरओळखीच्या जोडीला हाताला उद्योग दिला जाई आणि तो बहुतेक ठरलेला असे. वेतकाम, विणकाम, टोपल्या आणि गाणं-वाजवणं. ही यादी युरोपातल्या अंधगृहांतून तशीच्या तशी आली होती. यादी करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण पुढं कित्येक वर्षं अंध माणसाला काय काम द्यावं हा प्रश्न कुणी विचारलाच नाही, कारण उत्तर आधीच छापून तयार होतं.

आपल्याकडं त्याआधी काय होतं? कीर्तन, भजन, देवळाच्या पायरीवरची एकतारी. गळा असेल तर मान, नसेल तर भिक्षा. अपवाद म्हणावा असा माणूस विदर्भात झाला. अमरावतीकडचे गुलाबराव महाराज, १८८१ चा जन्म, तान्हेपणीच दृष्टी गेलेली, अवघं ३४ वर्षांचं आयुष्य. तेवढ्यात त्यांनी शंभरावर लहानमोठे ग्रंथ सांगितले आणि दुसऱ्यांनी ते लिहून घेतले. लोक त्यांना प्रज्ञाचक्षु म्हणतात आणि हात जोडतात. मला त्यांच्या तत्त्वज्ञानाइतकंच कुतूहल त्यांच्या लेखनिकांचं वाटतं. कुणीतरी वाचून दाखवत होतं, कुणीतरी लिहून घेत होतं, म्हणून ती बुद्धी कागदावर उतरली. आजच्या सरकारी भाषेत त्याला सुविधा पुरवणं म्हणतात.

इथं जरा वाट सोडून इटलीत जाऊन येऊ. साधारण १८०८ च्या सुमारास पेलेग्रिनो तुर्री नावाच्या गृहस्थानं काउंटेस कॅरोलिना फँटोनी या आपल्या अंध मैत्रिणीला स्वतःच्या हातानं पत्रं लिहिता यावीत म्हणून एक यंत्र बनवलं. टाइपरायटरच्या खानदानातला हा अगदी आरंभीचा पूर्वज. त्या यंत्राला शाई पुरवण्यासाठी जो कागद त्यानं केला त्यातून कार्बन पेपरची कुळकथा सुरू होते. टाइपरायटर आणि कार्बन पेपर! कचेरीचे दोन प्राण, आणि दोन्हींच्या मुळाशी एक अंध बाई. पुढं टायपिंगच्या क्लासात मास्तर आमच्या बोटांवर पट्टी मारायचे, "कीबोर्डकडं बघायचं नाही!" न बघता टाइप करणं हीच त्या विद्येची कसोटी. आणि तरीही अंध उमेदवाराला टंकलेखक म्हणून घेता येईल का, याचा विचार करायला कचेऱ्यांना दीड शतक लागलं.

व्हरांड्याच्या बाहेरचं काम अंध माणसाच्या वाट्याला आलं ते लढाईमुळं. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९१५ मध्ये लंडनला सेंट डन्स्टन्स ही संस्था निघाली. कालपर्यंत बंदूक चालवणाऱ्या पंचविशीतल्या जवानाला टोपल्या विणायला बसवणं तिथल्या लोकांच्या मनाला पटेना. त्यांनी टेलिफोन, लघुलेखन, मालिश-उपचार असली शहरी कामं शिकवायला घेतली. त्याच वर्षी गॅलिपोलीच्या लढाईत न्यूझीलंडच्या एका सैनिकाचे डोळे गेले. त्याचं नाव क्लुथा मॅकेंझी. दुसऱ्या महायुद्धात हाच माणूस, आता सर क्लुथा झालेला, हिंदुस्थानात आला आणि १९४३ मध्ये देहरादूनला दृष्टी गमावलेल्या हिंदी सैनिकांसाठी सेंट डन्स्टन्सचं वसतिगृह चालवू लागला. आपल्या शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या गावांतली पोरं तेव्हा घरटी एक या हिशेबानं पलटणीत होती. मराठ्यांच्या पलटणी आफ्रिका आणि इटलीत लढत होत्या. युद्धावरून परतणाऱ्या जखमींचं काय करायचं, हा प्रश्न सरकारला टाळता येणारा नव्हता. १९४४ च्या सरकारी अहवालात देशातल्या अंधांची संख्या २० लाख धरली गेली, तीही मॅकेंझींच्याच देखरेखीत. त्यातले सैनिक मूठभर, पण दार उघडलं ते त्यांच्यामुळं.

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये सरकारनं देहरादूनचं केंद्र ताब्यात घेतलं. १९५१ मध्ये सगळ्या भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरली. तोवर एकेका प्रांतात वेगवेगळे ब्रेल चालत. भारती ब्रेलमुळं मराठीचा 'क' आणि बंगालीचा 'क' बोटाखाली सारखाच लागू लागला. ब्रेल लिहिताना पाहणं हा एक अनुभव आहे. पाटीत जाड कागद अडकवतात आणि टोच्यानं उजवीकडून डावीकडं टिंबं टोचत जातात, कारण कागद उलटल्यावर उठाव दुसऱ्या बाजूला येतो आणि वाचायचं डावीकडून उजवीकडं. म्हणजे प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखं उलटं लिहायचं. मिरजकर तिकटीच्या ज्ञान प्रबोधन अंधशाळेतल्या पोरांना यात काही विशेष वाटत नाही. तुम्हाआम्हाला दोन ओळींत घाम फुटेल.

१९५२ च्या जानेवारीत मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे आपली 'नॅब', स्थापन झाली. १९५९ मध्ये अपंगांसाठी देशातलं पहिलं खास सेवायोजन कार्यालय मुंबईतच उघडलं. या काळात दोन कामं अंध माणसाच्या हाती नव्यानं आली आणि दोन्ही कामांनी 'अंधाला हे जमायचं नाही' हे कचेरीचं बोलणं खोटं ठरवलं.

पहिलं काम टेलिफोन ऑपरेटरचं. बँक, कारखाना, सरकारी कार्यालय, जिथं पंधरा-वीस जोडण्या असत तिथं एक बोर्ड असे. जुन्या बोर्डावर फोन आला की एक लहानशी झडप खाली पडे. बोट फिरवलं की कुठली लाइन ते समजे. पुढं झडपांच्या जागी दिवे आले, तेव्हा उजेड लागताच आवाज करणारी एक कांडी निघाली. ती दिव्यांवरून फिरवायची. बोर्डात बदल एवढाच. बाकी सगळं ऑपरेटरच्या डोक्यात. कुठल्या साहेबांचा नंबर कुठला, ते दुपारी तीननंतर जागेवर सापडतात की नाही, कुणाचा फोन कुणाला जोडायचा नाही. अशी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याकडं ब्रेलमध्ये टोचलेल्या नंबरांचे जाड कागद असायचे आणि ते क्वचितच उघडायला लागायचे. तुम्ही "हॅलो" म्हणायचा अवकाश, ते नावानं हाक मारायचे.

दुसरं काम कारखान्यातलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्यानं महिनाभर काढलाय त्याला प्लग गेज माहीत आहे. भोक बरोबर झालंय का हे बघायला दांडीच्या दोन टोकांना दोन मापं. एक टोक भोकात जायला पाहिजे, दुसरं जाता कामा नये. पहिलं गेलं आणि दुसरं अडलं की माल पास. यात बघायचं काय आहे? सगळा निर्णय मनगटाला लागतो. ड्रिलवर जिग लावला की जॉब एकाच जागी बसतो आणि हात लिव्हरवर. पॅकिंग, जुळणी, नटाला वॉशर चढवणं हेही तसंच. मुंबई-पुण्याच्या मोठ्या कारखान्यांत नॅबनं अशी कामं हुडकून माणसं लावली. डोळ्यांवाचून होणारी कामं कारखान्यात आधीपासूनच होती, कुणी तशी मोजली नव्हती इतकंच. आमच्या उद्यमनगरात जुगाडाला तोटा नाही. बाहेरून आणलेलं इंजिन उघडून त्यासारखं दुसरं घडवणाऱ्यांचं हे गाव. इथं एखाद्या अंध कामगारासाठी गेजवर खाच पाडून देणं हे दहा मिनिटांचं काम. ते फारसं घडलं नाही याचं कारण तंत्रात शोधायला नको. छोट्या मालकाच्या मनात एकच धास्ती असायची, हात अडकला तर जबाबदार कोण. त्याच शेडमध्ये दोन डोळ्यांच्या माणसांची बोटं तुटत होती, पण ती धास्ती सवयीची झाली होती.

सरकारी जागांचं घोडं १९७७ मध्ये थोडं पुढं सरकलं. केंद्रानं क आणि ड वर्गात अपंगांसाठी तीन टक्के जागा ठेवल्या, त्यात एक टक्का अंधांसाठी. क आणि ड म्हणजे कारकून, शिपाई आणि त्याखालचे. वरच्या दोन वर्गांचं नावच नव्हतं. हुकूम निघाला, तक्ता मात्र कुणी मागवला नाही. मार्च १९८० मध्ये दिल्लीत अंध तरुण या मागण्यांसाठी रस्त्यावर उतरले, तेव्हा पोलिसांनी त्यांच्यावर लाठी चालवली. हातात पांढऱ्या काठ्या असलेल्या माणसांवर लाठीमार! देशभर त्याची लाज वाटली आणि नंतर विसरलीही गेली.

कायदा यायला १९९५ उजाडलं. ७ फेब्रुवारी १९९६ पासून तो अमलात आला. तीन टक्के जागा आता कायद्यानं बांधल्या गेल्या, पण एक मेख राहिली. अंध माणसाला कुठली पदं जमतील हे आधी 'निश्चित' करायचं होतं. कार्यालयांनी मेख अचूक ओळखली. पद निश्चित झालेलं नाही, सबब आरक्षण लागू नाही. निश्चित का झालं नाही? कारण कुणी केलं नाही. २००६ च्या लोकसेवा परीक्षेत पास झालेल्या रविप्रकाश गुप्ता या दृष्टिहीन उमेदवाराला हेच ऐकवलं गेलं. तो भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१० मध्ये न्यायालयानं सरकारचा हा बचाव फेटाळला. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडच्या खटल्यात टक्का कशावर मोजायचा तेही ठरलं. निश्चित केलेल्या मोजक्या पदांवर मोजायचा नाही, संवर्गातल्या एकूण रिक्त जागांवर मोजायचा. कायदा झाल्यापासून नुसता हिशेबाचा पाढा पक्का व्हायला सतरा-अठरा वर्षं गेली.

याच १९९५ च्या कायद्यात एक कलम होतं ज्याबद्दल कमी बोललं जातं, कलम ४७. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढायचं नाही, पगार उतरवायचा नाही. जमत नसेल तर दुसरं काम द्यायचं. जन्मतः अंध असणारे थोडे. पंचेचाळिशीत साखर डोळ्यांत उतरलेले, काचबिंदूनं कडेकडेची नजर खाल्लेले, हळूहळू बोगद्यातून बघितल्यासारखं दिसू लागलेले कितीतरी. हे लोक कचेरीत लपून राहतात. फाइल नाकाला लावून वाचतात, चष्म्याचा नंबर चुकलाय म्हणतात, सहीच्या जागी शिपायाला बोट ठेवायला सांगतात. मोठा ठसा, बरा दिवा, खिडकीकडं पाठ करून मांडलेलं टेबल, एवढ्यानं यांची चार-पाच वर्षं सहज वाढतात. पण त्यासाठी आधी सांगावं लागतं आणि सांगितलं की 'अनफिट'चा कागद येईल अशी भीती. तसा कागद काढायला कायद्यानं मज्जाव केला आहे, ही गोष्ट त्यांतल्या बहुतेकांपर्यंत पोचतच नाही.

कायद्यानं माणसं आत आली. आत काय झालं ते मी एका कचेरीत डोळ्यांनी पाहिलं आहे. कचेरीचं नाव सांगत नाही, आणि सांगायची गरजही नाही, कारण वाचणाऱ्याला आपलीच वाटेल. नवा अंध लिपिक रुजू झाला. पहिल्या दिवशी पेढे, टाळ्या, साहेबांचं चार शब्दांचं कौतुक. दुसऱ्या दिवशी त्याला खिडकीजवळचं टेबल दिलं. तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "मला काम?" तेव्हा तिथले हेडक्लार्क अगदी मायेनं म्हणाले, "बसा हो निवांत, तुम्हाला कशाला त्रास?" तो सहा महिने निवांत बसला. हजेरीपटावर सही, पगार वेळेवर, टेबलावर काही नाही. सातव्या महिन्यात त्याच कचेरीत लोक बोलू लागले, "फुकटचा पगार आहे, काम तर काहीच येत नाही." व्हरांड्यातला विणकर यापेक्षा बरा होता. त्याच्या हाताला तरी काम होतं.

आणि विणकराचं कामही तोवर संपलं होतं. कचेऱ्यांत फोमच्या, चाकं लावलेल्या, फिरत्या खुर्च्या आल्या. वेत माळ्यावर गेला. टेलिफोनचा बोर्डही गेला, थेट नंबर आले, मग यंत्रच बोलू लागलं, 'मराठीसाठी एक दाबा'. हाताशी असलेली दोन्ही कामं पंधरा-वीस वर्षांत विरून गेली. या काळाबद्दल कुणी फारसं लिहिलेलं नाही, कारण ती पदं 'मृत संवर्ग' म्हणून कागदावर शांतपणे मिटली.

त्याच यंत्रयुगानं दुसरं दार उघडलं. टेड हेन्टर नावाचा अमेरिकन मोटरसायकल शर्यतपटू अपघातात अंध झाला आणि त्यानं संगणकाचा पडदा वाचून दाखवणारा जॉज हा प्रोग्राम काढला. आधी १९८९ मध्ये, मग विंडोजसाठी १९९५ मध्ये. तो महाग होता. २००६ मध्ये मायकल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणानं एनव्हीडीए सुरू केला, जेम्स तेह हा त्याचा तसाच दृष्टिहीन मित्र त्याच्या जोडीला आला, आणि तो त्यांनी फुकट वाटला. आवाज टिनपाट, पण पडद्यावर जे असेल ते वाचणार. मराठीसुद्धा. सरावलेली माणसं तो इतक्या वेगानं लावतात की शेजारच्याला नुसती गुणगुण ऐकू येते. आता काय उरलं होतं? पडदा बोलतोय, बोटांना कीबोर्ड येतोय, लिपिकाला लागणारे मिनिटाला ३० मराठी शब्द सहज पडताहेत.

उरला होता फाँट.

मराठी कचेऱ्या आणि छापखाने वर्षानुवर्षं ज्या फाँटांत टाइप करत आले त्यांत मराठी अक्षर फक्त दिसायला मराठी असतं. आत संगणकाच्या लेखी तो इंग्रजी अक्षरांचा खेळ असतो, वरून देवनागरीचा मुखवटा. डोळ्यांनी वाचणाऱ्याला फरक पडत नाही. आवाजाचा प्रोग्राम मुखवटा बघत नाही. 'कृती देव'मध्ये टाइप केलेला 'कोल्हापूर' हा शब्द त्याच्यापुढं ठेवा. तो वाचतो, "डी के एस वाय जी के आय डब्ल्यू जे." अख्खं परिपत्रक, अख्खा शासननिर्णय अशाच बाराखडीत ऐकायचा. उपाय होता आणि आहे, युनिकोड. सरकारनंही तो वापरायला सांगून झालं. तरी "आमच्या ऑपरेटरला त्याच फाँटची सवय आहे" या एका वाक्यापुढं अनेक आदेश हरले. दरम्यान माणसाला काय म्हणायचं ते मात्र भराभर बदललं. आंधळा, अंध, अपंग, दृष्टिबाधित, दिव्यांग. पाट्या रंगवायला वेळ लागला नाही.

फाँट सुटला तिथं छायाचित्र आडवं आलं. आदेश टाइप करायचा, छापायचा, सही करायची, गोल शिक्का मारायचा, मग स्कॅन करून पाठवायचा. आता तो कागदाचा फोटो झाला, आणि फोटोसमोर प्रोग्राम मुका. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीनं, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड तिचे अध्यक्ष असताना, न्यायालयांनी कागदपत्रं वाचनसुलभ करावीत म्हणून मार्गदर्शक पद्धत घालून दिली. त्यात पानापानावरच्या शिक्क्यांनी मजकूर झाकला जाऊ नये इतकी बारीक गोष्टही होती. शिक्का! आपल्या कचेरीचा सगळ्यांत लाडका दागिना.

चाकाच्या खुर्चीची गोष्ट कोल्हापुरात वेगळी घडली, आणि ती आठवली की दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या अडथळ्यांतला फरक स्पष्ट होतो. नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली, पुढं 'घरौंदा' हे वसतिगृह उभं केलं. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचं आत्मकथन मराठी घराघरांत गेलं. त्या स्वतः इथल्याच केंद्रीय अबकारी व सीमाशुल्क कार्यालयात नोकरीला होत्या. त्यांच्या कामामुळं शहराला उतार कळला. पायरीपाशी अडलेली खुर्ची कुणालाही दिसते, म्हणून चार माणसं धावतात, पुढंमागं उतारही बांधला जातो. फाँटपाशी अडलेला माणूस दिसत नाही. तो संगणकासमोर शांत बसलेला असतो आणि लोकांना वाटतं, वाचतोय.

२०१६ चा नवा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. अपंगत्वाचे प्रकार २१ झाले, सरकारी जागांचा टक्का चारवर गेला आणि 'रीझनेबल अकॉमोडेशन' हा शब्द नोकरीच्या कायद्यात आला. साध्या मराठीत, त्या माणसाला काम करता यावं म्हणून रास्त ती सोय करून द्या. तो शब्द आला त्याच सुमारास उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची गोष्ट घडत होती. २०१६ मध्ये त्या लोकसेवा परीक्षेत ७७३ व्या आल्या, रेल्वे लेखा सेवा मिळाली आणि पूर्ण अंध म्हणून रेल्वेनं त्यांना घेतलं नाही. त्या पुन्हा बसल्या, १२४ व्या आल्या, आयएएस झाल्या आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून खुर्चीवर बसल्या. हिशेब जमणार नाहीत असं ज्यांना वाटलं होतं, त्यांच्याहून मोठी फाइल आता त्यांच्या टेबलावर होती.

मग ३ मार्च २०२५. न्यायमूर्ती पारडीवाला आणि महादेवन यांच्या खंडपीठानं निकाल दिला की दृष्टिहीन माणसाला न्यायाधीशपदापासून केवळ त्या कारणावरून दूर ठेवता येणार नाही. प्रकरण सुरू झालं होतं मध्य प्रदेशातल्या एका आईच्या पत्रावरून. तिच्या मुलाला न्यायिक सेवेच्या परीक्षेची वाटच नियमानं बंद होती.

त्याच वर्षी १८ ऑगस्टला कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कामाला लागलं. चाळीसेक वर्षांची मागणी, मोर्चे, वकिलांची उपोषणं, आणि मग सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायसंकुलात रंगरंगोटी. सहा जिल्ह्यांचे पक्षकार आता तिथं येतात. उद्घाटनाच्या आठवड्यात मी सहज आत चक्कर मारली. नवं लाकूडकाम, नव्या खुर्च्या, सगळ्या गादीच्या. लिफ्ट, उतार, पाट्या यांच्याकडं लोक कौतुकानं बघत होते. मी मात्र बाहेर पडताना इथल्या कागदांचा विचार करत होतो. किती याचिका टाइप केलेल्या स्वरूपात दाखल होतील आणि किती, नेहमीप्रमाणं, फोटो होऊन.

परवा एका कार्यालयात कामासाठी गेलो होतो. कोपऱ्यातल्या टेबलावर पंचविशीतला एक पोरगा, पडदा पूर्ण काळा करून ठेवलेला. त्याला उजेड लागत नाही, मग वीज कशाला जाळायची, हा त्याचा हिशेब. बोटं कीबोर्डवर पळत होती. शेजारच्या बाईंनी त्याला मोबाइलवर एका पत्राचा फोटो पाठवला. तो मान न वळवता म्हणाला, "मॅडम, फोटो नको. वर्डची फाइल टाका की." त्या म्हणाल्या, "अरे हो, विसरलेच बघ." आणि त्यांनी टाकली. एवढंच झालं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी पेढे आणले नाहीत. त्याच्या एकाच कानात ईअरफोन होता. मी विचारलं, दुसरा का नाही?

"चहावाला कधी येतोय ते कळायला नको का, काका?"